भरून ठेवलेला सेल

“हात काढा आबा त्या खटक्यावरचा.”

“तू आधी बाजूला हो.”

“चाचणी चालू आहे.”

“ते दिसतंय की मला. डोळं गेल्यात व्हय माझं? हो बाजूला.”

खंडेनवमीची सकाळ होती. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये हिंदुराव लोहार, म्हणजे सगळ्यांचे आबा, धुवट धोतर नेसून, कपाळाला गंध लावून मुख्य खटक्यावर हात ठेवून उभे होते. आणि मी, वृषाली टिपुगडे, रसायनशास्त्रातली डॉक्टर, बॅटरीचे सेल तपासायच्या यंत्रापुढे दोन्ही हात पसरून उभी होते. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्याची आणि माझी कबड्डी चाललीय असंच वाटलं असतं.

“बाकी सगळं बंद करा,” मी म्हटलं. “भट्टी करा, ओव्हन करा, पंखे करा. हे एवढं एक यंत्र राहू दे. तीन दिवसांनी दूध संघाची माणसं येणार आहेत. आलेखात मध्येच खंड दिसला तर काय सांगू त्यांना?”

“खंडेनवमी हुती म्हणून सांग. त्यांच्या घरात काय इळ्या-कोयत्याला कुंकू लावत न्हाईत?”

“यंत्राला कळत नाही आबा, खंडेनवमी.”

“म्हणून तर आपण पाळायची.”

“पण कशासाठी?”

“ते इचारू नगंस. बंद म्हंजे बंद.”

एरवी मी आणखी भांडले असते. भांडणात आम्ही दोघं एकमेकांना पुरून उरत असू. पण त्या दिवशी माझ्यात जीवच नव्हता. कित्येक महिन्यांत रविवार म्हणून पाहिला नव्हता. पाठ धरली होती, डोळे चुरचुरत होते आणि आदल्याच दिवशी मी घरातल्या साखरेच्या डब्यात चहापत्ती ओतली होती.

“निदान सेल भरू तरी द्या,” मी म्हटलं. “अर्धवट सोडले तर नंतर कुठला कुठे होता ते कळणार नाही.”

त्यावर आबांनी खटक्यावरचा हात काढला, एक स्टूल ओढलं आणि धोतराचा सोगा सावरून बसले.

“भर की. उपाशी कुणाला झोपवू ने.”

आबांची फाउंड्री शेजारच्याच प्लॉटवर होती. पाण्याच्या पंपांचे, ट्रॅक्टरचे ओतीव भाग तिथे होत. छातीचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी ती मुलाच्या, सत्यजितच्या हाती दिली, आणि घरी पडून राहायचं सोडून माझ्या मागे लागले. झालं होतं असं की मी आईच्या आजारपणामुळे चेन्नईची नोकरी सोडून कोल्हापुरात परत आले होते आणि उद्योजकांच्या एका कार्यक्रमात बोलायला गेले होते. लिथियम आपल्याला बाहेरून आणावा लागतो. पण सोडियमवरसुद्धा बॅटरी चालते, आणि सोडियम म्हणजे तर मिठातला धातू. तिचा कॅथोड, म्हणजे धन टोकाचा लेप, महागड्या कोबाल्टऐवजी चक्क लोखंडापासून करता येतो, असं काहीबाही मी सांगत होते. निम्मे श्रोते जेवणाकडे डोळे लावून बसले होते. पहिल्या रांगेतला एक म्हातारा मात्र ताडकन उठला.

“मीठ आन् लोखंड? मग थांबलाईसा कशाला?”

त्यांना कसं समजवायचं की जगात हुशार हुशार माणसं याच कामात केस पांढरे करत बसली आहेत. मी समजवायला गेले नाही. महिन्याभरात त्यांनी फाउंड्रीची जुनी शेड झाडून घेतली, मला एक छोटी भट्टी लावून दिली आणि आम्ही कामाला लागलो. धुण्याच्या सोड्याचा शुद्ध भाऊ, लोखंडाचा तांबडा गंज आणि मँगनीजची भुकटी, एकत्र खलायची, भट्टीत भाजायची, की काळी मऊ पावडर तयार. आबा तिला मिसरी म्हणत. “आजची मिसरी कशी हाय?” हा त्यांचा रोजचा पहिला प्रश्न. तीच पावडर पातळ पत्र्यावर लेपून आम्ही सेल बांधत होतो. पहिल्या वर्षीचे सेल चार दिवसांत मेले. दुसऱ्या वर्षीचे जरा जगले. तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात छोट्या बटणाएवढ्या सेलवर सगळ्या चाचण्या पास झाल्या, तेव्हा आबांनी सगळ्या वसाहतीला पेढे वाटले आणि पावसाळ्यात आम्ही मोठे सेल बांधायला घेतले.

शेडमध्ये नियम मात्र फाउंड्रीचे होते. भट्टी रिकामी ठेवायची नाही, मशीन थांबवायचं नाही. ओतकामात हे बरोबरच असतं. भट्टी निवली की तिचं आतलं अस्तर तडकतं, म्हणून ती सदा तापलेली ठेवायची. आबांच्या हाडात मुरलेला हा नियम आमच्या तपासणी यंत्रालाही लागू झाला होता. सेल भरला की लगेच रिकामा करायला लावायचा, रिकामा झाला की लगेच भरायला. अहोरात्र. आलेख आखून काढल्यासारखा सरळ जात होता. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत, “बघा, बैल कसा नांगराच्या एका तासात चाललाय.”

याच आलेखावर सगळं टांगलेलं होतं. गणपतीच्या सुमारास सत्यजित एकटाच शेडमध्ये आला होता. चांगला माणूस. बापाचं नाक आणि आईचा आवाज.

“मॅडम, स्पष्ट बोलू का? मला ही शेड मशीन शॉपसाठी पाहिजे, हे एक. पण ते राहू दे. डॉक्टरांनी आबांना दोनदा बजावलंय. हे घरी टेकत नाहीत. सकाळी तुमच्या भट्टीपाशी, दुपारी माझ्या डोक्यावर. परवा जिन्यात बसून राहिले होते, आईनं बघितलं. कुणाला सांगू नको म्हणाले तिला.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला कसं सांगतील? मी त्यांच्याशी बोललोय. या दसऱ्याच्या आगेमागे काय ते ठरेल. दूध संघानं तुमचे सेल घेतले तर मी परत शब्द काढणार नाही. नाही घेतले तर शेडची किल्ली माझ्याकडे आणि आबा घरी. ते हो म्हणालेत.”

“खरंच हो म्हणाले?”

“म्हणाले, घेणारच हाईत, मग हो म्हणायला माझं काय जातंय!”

दूध संघाचं काम सोपं होतं. गावोगावच्या संकलन केंद्रांत दूध थंड ठेवायचं यंत्र असतं. वीज गेली की ते बंद, आणि दूध नासतं. तिथे आमची बॅटरी बसायची होती. वीज असताना भरून राहायचं, वीज गेली की कामाला लागायचं. इतकंच.

सेल भरले. आबांनी खटका खाली ओढला.

शेड एकदम गप्प झाली. यंत्राच्या पंख्याची घरघर इतके महिने कानात होती की ती थांबल्यावर मला क्षणभर बहिरं झाल्यासारखं वाटलं. आबांनी यंत्राला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, भट्टीपुढे नारळ फोडला. माझ्या वजनकाट्यावर, चिमट्यावर, अगदी काचेच्या नळ्यांवरसुद्धा त्यांनी एकेक बोट कुंकू टेकवलं. मग माझ्या हातावर खोबरं ठेवून म्हणाले, “जा घरला. झोप. तोंड बघ कसं झालंय, करपल्या भाकरीगत.”

मी घरी गेले आणि झोपले. आईनं जेवायला उठवलं, जेवले, पुन्हा झोपले. स्वप्नसुद्धा पडलं नाही.

दसऱ्याच्या दुपारी, विजयाच्या मुहूर्तावर, यंत्रं पुन्हा सुरू करायची असतात. आबांनी पुन्हा हळद-कुंकू केलं, खटका वर केला, आणि “चालू दे तुझं” म्हणून फाउंड्रीतल्या पूजेला गेले. मी सेल रिकामे करायला लावले आणि चहाचा पेला घेऊन पडद्यासमोर बसले.

चहा संपला नव्हता तोच पहिला सेल मान टाकू लागला. मला वाटलं तार सैल झाली असेल. तार घट्ट होती. दुसरा सेल पाहिला, तोही तसाच. तिसरा त्याहून वाईट. काठोकाठ भरून ठेवलेले सेल दीड दिवस नुसते पडून राहिले होते, कुणी त्यांना हात लावला नव्हता, आणि जवळजवळ तिसरा हिस्सा आतल्या आत गळून गेला होता.

कारण कळायला मला फार वेळ लागला नाही. उन्हाळ्यात केलेली पावडर कोरडी होती. मोठ्या सेलची पावडर आम्ही श्रावण-भाद्रपदात भाजली होती. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, तशीच ही सोडियमची पावडरही हवेतली ओल ओढते. भट्टीतून बाटलीत जाईपर्यंत जेवढी हवा लागली तेवढी पुरे झाली. वरून ती खराब झाली होती आणि सेल भरलेला असताना आतल्या द्रवाला हळूहळू खात होती. पण आम्ही सेलना भरलेल्या अवस्थेत कधी थांबूच दिलं नव्हतं. भरले की रिकामे, रिकामे की भरलेले. पळत्या माणसाचा ताप कुणाला दिसतो?

आणि दूध संघाला नेमका तोच सेल हवा होता, जो भरून नुसता उभा राहील.

आज मी पुण्यात जिथे काम करते तिथे या पावडरीसाठी वेगळी कोरडी खोली आहे. आत जाताना अंगावर इतके कपडे चढवावे लागतात की माणूस ओळखू येत नाही. मीठ आणि लोखंडाचे सेल तिथे उत्तम टिकतात. म्हणजे आमच्या कल्पनेत खोट नव्हती. हे तेव्हाही मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या दुपारी मला आबांचा इतका राग आला की तो झेंडूचा हार मी ओरबाडून काढला. हा खटका त्यांनी ओढला नसता तर! मी पडद्याकडे बघत बसले. सेल पुन्हा चालवत ठेवले तर पाच-सात फेऱ्यांत आलेख बराचसा वर येईल, हे मला दिसत होतं. परवापर्यंत तेवढ्या फेऱ्या सहज झाल्या असत्या. पाहुण्यांना सरळ रेघ दिसली असती. मधला खड्डा? खंडेनवमी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

मी यंत्र बंद केलं. मोठ्या तत्त्वानं वगैरे नाही. मला इतका शीण आला होता की खोटं सांभाळायचं बळ अंगात उरलं नव्हतं.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी उद्यमनगरामागच्या आबांच्या घरी गेले. रस्त्यात सगळे नटूनथटून दसरा चौकातून परतत होते. आबा खुर्चीत बसले होते, पाय पाटावर. काकी, म्हणजे आबांच्या पत्नी, श्रीखंडाच्या वाट्या भरत होत्या. मी आबांच्या हातात पानं दिली, वाकून नमस्कार केला. उठले तेव्हा ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

“काय झालं?”

“आधी श्रीखंड खाऊ दे की तिला,” काकी म्हणाल्या.

“गळतात सेल,” मी म्हटलं. “भरून ठेवले की गळतात. दीड दिवसात तिसरा हिस्सा गेला.”

आबांनी पानं मांडीवर ठेवली. “सगळे?”

“सगळे.”

“भट्टीत चुकलं का मिठात?”

“दोन्हीत नाही. हवेत. पावसाळ्यात करायला नको होतं. कोरडी खोली पाहिजे. एका वर्षात होईल आबा, मी खात्रीनं सांगते, एक वर्ष मिळालं तर...”  मला रडायचं नव्हतं, तरी डोळ्यांत पाणी आलं. “तुम्ही ते बंद केलं नसतं तर परवा पास झालो असतो आपण!”

“व्हय. झालो असतो.” त्यांनी पाटावरचे पाय खाली घेतले. “तू काल इचारलंस न्हवं, कशापायी बंद करायचं म्हणून?”

काकींचा हात थांबला. “आज सणाचं नको ते.”

“सांगू दे. माझा बाप उद्यमनगरात वतकाम करायचा. एका वर्षी लई मोठी आर्डर हुती, म्हणून त्यानं खंडेनवमीला भट्टी निवूच दिली न्हाई. एरवी त्या दिवशी भट्टी गार करायची, आत उतरायचं, बोट फिरवून भेगा बघायच्या. तापल्या भट्टीत भेग दिसत न्हाई पोरी. गार झाल्यावरच दिसती. दसऱ्याला फुटली ती. माझा थोरला भाऊ म्होरं हुता.”

बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. आबांनी ती संपू दिली.

“मग आमच्या बापानं सांगितलं, जग बुडलं तरी त्या दिवशी बंद. देवाचं नाव लावलं की माणूस मोडत न्हाई, म्हणून देवाचं नाव.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “परवा पास झाला असतासा. मग कुठल्यातरी खेड्यात वीज गेली असती. कुण्या बाईनं पहाटं उठून काढलेलं दूध नासलं असतं, आन् तिनं आपल्याला शिव्या घातल्या असत्या. न्हाई घातल्या?”

“घातल्या असत्या.”

“मग झालं तर. येऊ देत परवा त्यास्नी. च्या पाजू, हाय ते सांगू.”

तेवढ्यात सत्यजित आला. चौकातून आणलेली पानं त्याच्या हातात होती. माझे डोळे पाहून तो दारातच थबकला, आणि त्याला काय ते समजलं असावं. तरी मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो खूश झाला नाही. हे मी त्याच्या बाजूनं आवर्जून सांगते. तो चपला काढायचाच विसरला.

“आबा,” तो म्हणाला, “मॅडम म्हणत असतील एक वर्ष, तर एक वर्ष. मशीन शॉपचं बघू आपण दुसरीकडे कुठंतरी.”

मी आबांकडे पाहिलं.  त्यांनी नुसतं बरं म्हणायचं होतं.

आबांनी खिशातून शेडची किल्ली काढली. काळ्या दोऱ्यात ओवलेली होती, इतकी वर्षं हाताळून गुळगुळीत झालेली. माझीच पानं त्यांनी मांडीवरून उचलली, त्यात किल्ली ठेवली आणि मुलापुढे धरली.

“सोनं घे. सोन्यासारखा ऱ्हा.”

“आबा, मी देतोय ना वर्ष.”

“तू देशील, हे ठावं हाय मला. म्हणून तर घेत न्हाई. शब्द दिलता.” किल्ली घेतलेल्या त्याच्या मुठीवर त्यांनी हात ठेवला. “हिला मात्र तिच्या सामानासाठी सवडीनं जागा बघून दे. घाई करू नगंस. पोरगी लई राबलीया.”

मग ते माझ्याकडे वळले. “तू थांबू नगंस. जिथं कोरडी खोली मिळंल तिथं जा. मिसरी चांगलीच हाय आपली.”

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी?” त्यांनी पाय पाटावर नीट घेतले आणि डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं. “इतकी वर्सं नुसता पळतोय, म्हणून आतलं काय दिसलं न्हाई. आता बंद ठिवल्यावर माझ्यात किती उरतंय ते बघू की.”

 काकींनी श्रीखंडाची वाटी माझ्या हातात दिली आणि मी उभ्या उभ्याच खाऊ लागले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. दोनचार घास झाले असतील. मान वर केली तर आबा झोपले होते. तोंड किंचित उघडं, हातात सत्यजितनं दिलेली पानं. एवढ्या काळात मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. ते फार म्हातारे दिसत होते.

सत्यजितनं पुढे होऊन खिडकी लावून घेतली, बाहेरचे फटाके ऐकू येऊ नयेत म्हणून.